एक नंबरचं टोकन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जायचो. रिकामटेकड्यांचे धंदे वाटायचे ते. त्यामुळे हे लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतंय...

मी शहापूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. डोळखांबकडच्या पाड्यांवरचे पेशंट पहिल्या एसटीने येतात, दवाखाना उघडायच्या आधीच. दाराशी ओळीत एकेक दगड ठेवायचा आणि समोरच्या चिंचेखाली जाऊन बसायचं – दगड म्हणजे नंबर. कधी भांडण नाही. पण मी कॉलेजात क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगांचं गणित, शिकलेलो ना, जरा जास्तच शहाणपणा होता अंगात! डॉक्टरांच्या मागे लागून टोकनचं मशीन आणवलं.

पहिल्याच सोमवारी मी दगड पायाने बाजूला सारले आणि जाहीर केलं, आजपासून जो खिडकीशी येईल त्याला टोकन. गावातली मंडळी पुढे घुसली. चिंचेखालचा एक म्हातारा बायकोला धरून हळूहळू येईपर्यंत चाळीस टोकनं गेली होती.

"पयला दगड आमचा व्हता, सायब," तो म्हणाला. "हिच्या छातीत दुखतंय."

मी म्हटलं, बाबा, इथे सगळ्यांनाच काही ना काही दुखतंय.

बटण दाबलं. टोकन आलं – १. फाडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा १. तिसऱ्यांदाही १! मागे लोक कुरकुरायला लागले होते. वैतागून मी त्याच कागदावरचा १ खोडला, पेनाने ४१ लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं. पुढच्या माणसाला मशीनने बरोबर ४२ दिलं.

त्यांचा नंबर दीडच्या सुमारास लागला. डॉक्टरांनी तपासून लगेच जीपने मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं आणि माझ्यावर ओरडले, हिला आधी का नाही आत सोडलंस? म्हातारी वाटेतच गेली.

मशीनवाला येऊन बघून गेला. म्हणाला, चालू मशीनमध्ये आकडा मागे जाऊच शकत नाही. मेमरीत एक्केचाळिसावं टोकन एकदाच निघालेलं दिसत होतं. फाडलेले दोन कागद मात्र माझ्याकडे आहेत, दोन्हीवर १ आहे.

महिन्याभराने म्हातारा स्वतःच्या खोकल्यासाठी आला. मला त्याच्याकडे बघवेना. बाहेर जाऊन म्हटलं, बाबा, चला, तुम्हाला पहिलं घेतो.

"नको," तो म्हणाला. "आता कसली घाई नाय रे. सगल्यांचं होऊ दे."

तो शेवटपर्यंत चिंचेखाली बसून राहिला.

मशीनने तसं का केलं, मला आजही सांगता येत नाही. पण तीनदा सांगितलं होतं त्याने... आणि मी पेन काढलं.