एक जूनचा उंच स्तंभ

पंच्याहत्तरी उलटल्यावर मी व्यवसाय संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला नाव घातले. आमचे गाव कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, अगदी महाराष्ट्राच्या सीमेला लागून. मराठी पुस्तके पलीकडच्या केंद्रातून टपालाने आली आणि दर रविवारी सकाळी मोबाइलवर तास सुरू झाला. लातूरला असलेल्या मुलीने सगळे जोडून दिले होते. पत्नी गेल्यापासून मी नुसता बसून असतो, हे तिला बघवत नव्हते.

समोरच्या घरची बाई अंगणवाडीत मदतनीस आहे. माझ्याच हाताखाली शिकलेली. पुस्तक उघडून बसलेला मी दिसलो की ती थांबायची.

"गुरुजी, कामून शिकायलाव आता? आमाला छड्या मारून भागलं न्हाई का?"

"तुला गणित आलं नाही म्हणून मलाच परत शिकावं लागतंय."

"व्हय, व्हय. नापास झालाव तर आमच्या अंगणवाडीत या. खिचडी मिळंल."

सरासरीपर्यंत मला अडचण आली नाही. मग पहिला स्वाध्याय आला. आपल्या गावातल्या पन्नास माणसांची एखादी माहिती फिरून गोळा करा, तक्ता करा, आलेख काढा आणि त्याचा एखाद्या धंद्याला काय उपयोग ते सांगा. गावात नुकतीच एक बेकरी निघाली होती. वाढदिवस कोणत्या महिन्यात जास्त येतात हे कळले तर तिला केकचा अंदाज येईल, म्हणून मी जन्मतारीख हा विषय घेतला. चिठ्ठ्या टाकून घरे निवडली आणि प्रत्येक घरातल्या एका कमावत्या माणसाचे आधार कार्ड पाहून तारीख उतरवली.

आलेख काढताना जूनचा स्तंभ कागदात मावेना. पन्नासांतले एकेचाळीस जण जूनचे होते, आणि ते सगळे एक तारखेचे.

रविवारी तो आलेख पाहून शिकवणारा तरुण हसला. "काका, खरं सांगा, घरी बसून भरलंत ना हे?"

"घरी नाही. शाळेत बसून भरलं."

मग त्याला सांगितले. आमच्याकडे तेव्हा तारीख कुणालाच ठाऊक नसायची. बाप सांगायचा, तूर काढणीच्या वेळी झाला. आम्ही पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचो. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून तारीख एक जून. त्या एकेचाळिसांतल्या बहुतेकांची शाळेतली मूळ नोंद माझ्या अक्षरात होती.

"मग अहवालाच्या शेवटी माहितीतील त्रुटी असा रकाना आहे," तो म्हणाला. "त्यात त्रुटीचं कारण लिहा."

तो रकाना मी आठ दिवस कोरा ठेवला. कारण तारीख चुकली तर फार कुणाचे बिघडत नाही, पण एका ओळीत वर्षही चुकले होते आणि ती चूक अंदाजाची नव्हती.

ती ओळ समोरच्या बाईची. तिच्या कार्डाप्रमाणे येत्या एक जूनला तिला साठ पूर्ण होणार आणि काम सुटणार. कार्ड दाखवताना ती म्हणाली होती, "अजून हातपाय चालायलेत गुरुजी. पोरं सोडून घरात काय करू?" मी मान हलवली आणि आकडा उतरवून घेतला.

नोकरी नवी असताना एका वर्षी पहिलीत मुले कमी पडली. पट भरला नसता तर माझी बदली लांब झाली असती. मोठ्या बहिणीचा पदर धरून ही शाळेत यायची. चार वर्षांची होती. कानापर्यंत हात पोचत नव्हता. मी तिचे डोके थोडे वाकवले, बोटे कानाला लावली आणि सहा लिहिले. माझी मुलगी आणि ती एकाच रात्री जन्मल्या होत्या. मुलीला मी दोन वर्षांनी, खऱ्या तारखेने घातले.

त्या जन्माच्या दिवसाची माझी डायरी ट्रंकेत निघाली. तिच्यात लिहिले होते: आज पहाटे कन्या झाली. समोरच्या घरीही कन्याच.

डायरी घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि सगळे सांगितले, बदलीच्या भीतीसकट. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजी दोन वर्सं उगंच म्हातारी केलाव मला."

"हो."

"आन् अक्का आमची म्हणायची, ही पोरगी वर्गात सगळ्यात मागं कामून. मला वाटायचं, मी ढ." तिने सूप खाली ठेवले. "चला उद्या आळंदला. तुमच्या तोंडानं सांगा तिथं."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये डायरी तिने माझ्याकडे दिली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर धरली होती. तालुक्याच्या शिक्षण कचेरीतल्या कारकुनाने कन्नडमध्ये समजावले की शाळेची नोंद इतक्या वर्षांनी बदलायला कोर्टात जावे लागेल, आणि तरी ती जूनच्या आत होईल असे नाही. मी माझा जबाब लिहून सही केली. नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली, हे वाक्य कारकुनाने मला दोनदा वाचायला लावले. तिने ते ऐकले. पुढे तिने कोर्टात अर्ज केला; तारीख अजून लागलेली नाही.

परतताना ती एवढेच म्हणाली, "कोर्टातबी तुम्हीच यायचं गुरुजी. तवर मरू नका."

घरी येऊन मी रकाना भरला. त्रुटीचे कारण: नोंद करणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी वय वाढवले. खाली माझे नाव घातले आणि स्वाध्याय पाठवून दिला.