पाण्यापर्यंत एकतीस किलोमीटर

अंतर बर्फात सांगणारा माणूस मी एकच पाहिला. सानगडी किती लांब, असं विचारलं की मच्छीवाले काका डोळे बारीक करून म्हणायचे, "हिवाळ्यात दोन बर्फ. उन्हाळ्यात जाऊच नका." तीस वर्षं सायकलच्या कॅरिअरला मासळीची पेटी बांधून ते गावोगाव फिरले होते. पेटीतली लादी वितळायच्या आत जिथवर पोचता येतं, ते एक बर्फ. मला आकड्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी पुढे पडताळून पाहिलं. हिवाळ्यातलं एक बर्फ सुमारे पंचवीस किलोमीटर भरतं, मे महिन्यातलं पंधराही नाही.

सोलापूरहून बदली होऊन भंडाऱ्याला आलो तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि रक्तातली साखर वाढलेली होती. दर रविवारी ऐंशी किलोमीटर सायकल, हा माझा गोळीइतकाच नेम. इथे मला महामार्ग तेवढा माहीत होता आणि मोबाइलचा नकाशाही फिरून फिरून तिथेच आणून सोडायचा. दुसऱ्याच महिन्यात शहापूरच्या अलीकडे एका ट्रकच्या ताडपत्रीची लोंबती दोरी हँडलला घासून गेली आणि मी कडेच्या मुरमात पडलो. कोपराला पाच टाके. बायकोने एकच अट घातली: महामार्ग बंद, नाहीतर सायकल विकायची. मग मी मैदानाला फेऱ्या घालू लागलो. एक फेरी चारशे दहा मीटरची. महिनाभरात कंटाळलो, सायकल सुटत चालली आणि साखर पुन्हा वर गेली.

अशा वेळी काका भेटले. घराजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात ते रोज सकाळी येऊन बसत. तेव्हा ते सत्तरीपुढचे, धंदा सोडून दिलेला. माझे बारीक टायर दाबून पाहत त्यांनी विचारलं, हे टायर आहेत की सुतळी? मग पडल्याची हकीकत ऐकली आणि म्हणाले, "त्या सडकेनं कायले जाता जी? ते ट्रकवाल्याईची हाये. आपली सडक वेगळी."

त्यांची सडक म्हणजे तलावाच्या बांधावरच्या पाळी, नहराच्या कडेचे मातीचे रस्ते आणि दोन गावांना जोडणारे, एसटीही न जाणारे अरुंद डांबरी तुकडे. ते सांगायचे, मी वहीत लिहायचो. मोहाचं झाड, डावीकडे बोडी, म्हणजे लहान तळं, मग हनुमानाच्या देवळामागून पाळीवर. रविवारी मी तो रस्ता मोजून यायचो आणि सोमवारी त्यांना आकडा सांगायचो. "मोजल्यानं बर्फ कमी वितळते का?" असं ते विचारत, पण आकडा ऐकल्याशिवाय उठत नसत. कुत्र्यांचं विचारलं तर म्हणाले, माझ्यामागं ते मच्छीच्या वासानं लागत, तुमच्यामागं काहून लागतील? लागली. हे सांगितल्यावर त्यांना दुकानातल्या सगळ्यांपेक्षा जास्त हसू आलं.

पावसाळा संपेपर्यंत सहा रस्ते झाले. साखर उतरली. महामार्ग टाळून सानगडीला जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर केले, तेव्हा बायकोने स्वतः दशम्या बांधून दिल्या होत्या.

सातवा रस्ता दक्षिणेचा. काकांनी तो न अडखळता सांगितला: मोठी चिंच आली की खाली उतरा, सडक सरळ गावात जाते, तिथून पुढे घाटावर नदी ओलांडायला डोंगा मिळेल. मी डिसेंबरातल्या रविवारी गेलो. चिंच आली, उतार आला, आणि एकतीस किलोमीटरवर डांबरी सडक सरळ पाण्यात शिरली. विजेचे खांबही रांगेने आत गेलेले, शेवटच्याचं फक्त डोकं वर. गोसीखुर्द धरणाचं पाणी. आलो तसा परतलो. उन्हात बासष्ट किलोमीटर झाले आणि पाण्याची बाटली निम्म्यातच संपली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जरा चिडूनच सांगितलं, काका, तुमची सडक पाण्यात आहे. तिथलं त्यांचं गाव धरणासाठी उठून त्यांना पुनर्वसनात घर मिळून कितीतरी वर्षं झाली होती, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"मी रोज तिथूनच निघत होतो, साहेब," ते म्हणाले. "गाव उठलं, हे पायाले कोण सांगन?"

मग त्यांनी विचारलं, खांब दिसून राहिले का? मी मोजले होते. चिंचेपासून चार कोरड्यात, सात पाण्यात. त्यांनी ते बोटांवर मोजलं. अकरावा खांब शाळेचा, म्हणाले. शाळेमागं तिसरं घर आपलं. गाव सोडल्यापासून ते तिकडे एकदाही गेले नव्हते, आणि चला म्हटलं तरी आले नाहीत.

वहीतला तो रस्ता मी लाल पेनाने खोडायला लागलो, तर त्यांनी मनगट धरलं. "कापू नका. जेवढी हाये तेवढी लिवा." मी लिहिलं: पाण्यापर्यंत एकतीस किलोमीटर.

गेल्या उन्हाळ्यात काका वारले. चौथ्या दिवशी त्यांचा नागपूरला नोकरी करणारा मुलगा माझ्याकडे आला. गाव सुटलं तेव्हा तो अगदी लहान होता. राख गावातच सोडायची, असं काका सांगून गेले होते, पण रस्ता घरात कुणाला सांगता येत नव्हता. सायकलवाल्या साहेबांना विचारा, असं दुकानात त्याला कळलं.

मी पुढे सायकलवर निघालो, मागे त्यांची ऑटो. पाणी खूप उतरलं होतं आणि अकरावा खांब जवळजवळ काठावर आला होता. मुलगा गुडघाभर पाण्यात उतरला आणि वळून मला विचारू लागला, आमचं घर नेमकं कुठं होतं जी? मी चपला काढून त्याच्याजवळ गेलो आणि शाळेमागचं तिसरं घर त्याला हाताने दाखवलं.