टेकडीपलीकडचं घर

जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले काका बायकोला घेऊन लेकीच्या शहरात घर बघायला आले. काकूंनी मनाशी पक्कं केलं होतं, राहायचं तर लेकीच्याच गल्लीत.

काकू आंघोळीला गेल्या तशी लेक हळूच म्हणाली, "बाबा, टेकडीपलीकडे बघा ना घर. शांत आहे तिकडे."

"तासाभराची वाट आहे गं."

"आई रोज येईल. ह्यांच्या मनाला लागेल असं काहीतरी बोलेल. आधीच आम्हा नवराबायकोत धुसफूस असते, बाबा." ती मान खाली घालून भाजी चिरत राहिली.

लेकीचं खोटं नव्हतं. काकूंच्या जिभेला हाड नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

दुपारी ते बायकोला म्हणाले, "मला इथला गोंगाट सोसत नाही. आपण टेकडीपलीकडे घेऊ."

"तुम्हाला लेकीची माया कधी होतीच कुठे?" काकू म्हणाल्या आणि रडल्या.

नव्या घरात येऊन वर्ष झालं, तरी काकू त्यांच्याशी धड बोलत नाहीत. रोज फोनवर लेकीजवळ त्यांच्या हट्टाचं गाऱ्हाणं मात्र सांगतात, आणि लेक मुकाट्याने ऐकते.