चुलीचा तिसरा दगड

सड्यावरच्या गोष्टी मेंढरागत असतात. एक उठली की मागनं सगळ्या! परवा नव्या नातसुनेनं इचारलं, "आवं आजी, घरात गॅस असताना अंगणात चूल कशाला?" मग काय, बसले सांगत.

लग्नाच्या साली आमी माणातनं मेंढरं घेऊन कोकणाकडं निघालो. वाटंत डोंगरमाथ्यावर सपाट सडा लागला. तिथनं माझ्या धन्यानं चुलीला तीन दगड निवडलं. तांबूस, वाटाणं चिकटवल्यागत. म्हणालं, "ह्यो दगड उकलत न्हाई. उशिरा तापतोय, पण उशिरा निवतोय." तवापास्नं दर मुक्कामाला तेच दगड, घोड्यावर लादून!

*

एकदा हातोडीवाला सर्व्हेचा साहेब चहाला टेकला. चहा ऱ्हायला बाजूला, ह्यो चुलीतच बघतोय! म्हणाला, "या दगडाचं ॲल्युमिनियम होतं."

"म्हंजे जर्मन?" धन्यानं चुलीवरच्या पातेल्याकडं बघितलं. "आगं, तुझं पातेलं बापाच्या मांडीवर बसलंय!"

साहेबानं तपासायला एक दगड मागितला. धनी म्हणालं, "न्या. पण आणून द्या. दोन दगडांवर चूल ऱ्हात न्हाई."

"शब्द देतो," साहेब म्हणाला अन् दगडावर पांढऱ्या रंगानं आकडा घातला.

*

मग साहेबानं नकाशा पसरला. "हे दगड सापडले ती जागा किती लांब?"

"काळी मेंढी व्याली तिथनं दोन हाका!"

साहेबानं खरंच वहीत लिवलं! अन् जागा तिथंच घावली.

*

पुढच्या साली सड्यावर तंबू पडलं, मशीन आलं. धनी वाटाड्या, मी भाकरीला. मशीन जमिनीतनं दगडाच्या कांड्या काढायचं. कितव्या फुटाला काय लागलं ते कळावं म्हणून त्या पेटीत वळीनं मांडायच्या. मला काय ठावं? म्या कांड्या धुतल्या अन् रंगावारी लावल्या. तांबड्या हिकडं, पिवळ्या तिकडं!

साहेब मटकन खाली बसला. "वहिनी, आता वरची कुठली आणि खालची कुठली?"

"पुन्यांदा भोक पाडा की! डोंगूर कुठं पळतोय?"

*

खाण काय झाली न्हाई. तंबू गेलं, साहेब गेला, दगडबी गेला. म्या तिसऱ्या जागी वीट लावली. दर साली सड्यावर धनी वाटंकडं बघत उभं ऱ्हायचं. म्या चिडवायची, "एका दगडापायी एवढं?"

"दगडापायी न्हवं गं. शब्द दिलाय त्यानं."

पुढं मेंढरं विकली, सडा सुटला. धनी दारातनं वाट बघायला लागलं. मी चूल सारवाय बसले की म्हणायचं, "वीट पक्की लिंपू नगंस. साहेब येईल." जायच्या आदल्या दिशीबी तेच म्हणालं.

*

गेल्या उन्हाळ्यात दारात गाडी थांबली. काठी टेकत साहेब उतरला. पार वाकलेला. पिशवीतनं दगड काढला. पांढरा आकडा तसाच!

"वहिनी, ते कुठायत?"

म्या भितीवरच्या हार घातलेल्या फोटूकडं बोट केलं.

"मला उशीर झाला," साहेब म्हणाला.

म्या वीट उचलली. सहज निघाली. दगड बसवला, जाळ घातला, चहा टाकला. साहेब पिऊन गेला. जाळ कवाच इझला व्हता. दिस कलताना म्या दगडाला हात लावला.

अजून ऊन व्हता.