आईचे झुमके आणि बाबांची लेन्स

मंडळी, आज आमच्या घरातला एक जुना खटला निकाली निघाला.

बाबांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत आईचे झुमके स्पष्ट आणि डोळे धूसर. "यांचं सगळं लक्ष दागिन्यांवर," असं ती पाहुण्यांना ऐकवत आली.

आज सकाळी चिकलठाण्याच्या घरी, गच्चीवर, बाबांनी ते सगळे फोटो ज्यानं काढले ती जुनी लेन्स मी माझ्या डिजिटल रेंजफाइंडरला लावली. या कॅमेऱ्यात माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. मी त्या आईच्या डोळ्यांवर नीट बसवल्या. फोटोत झुमकेच स्पष्ट.

माझ्या नव्या लेन्सनं मात्र डोळे बरोबर आले. म्हणजे जुनी लेन्सच जरा मागं, कानांपाशी फोकस करते. मग त्याच जुन्या लेन्सनं मी आईच्या नाकाच्या शेंड्यावर फोकस केला, तर डोळे लख्ख.

बाबा म्हणाले, "मी कायम डोळ्यांवरच धरायचो."

आईनं माझ्या हातातला कॅमेरा घेऊन बाबांपुढं धरला. "मग इतकी वर्षं सांगायचं नाय व्हय? घ्या, आता तुम्हीच काढा."

मी म्हटलं, बाबा, नाकावर धरा. ऐकतील तर शपथ. पुन्हा डोळ्यांवरच धरला.

फोटो खाली टाकलाय. झुमके कसे वाटतात सांगा.