रिठदची अंबाडी आणि पुस्तकात नसलेली ओळ

एका भाजीसाठी पुण्याहून थेट रिठदला? हो, गेले! आई गेल्यापासून बाबांचं जेवणावरचं मनच उडालं होतं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. एका प्रदर्शनात रिठदच्या बचत गटाचं झेरॉक्स केलेलं पाककृतींचं पुस्तक दिसलं. रिठद म्हणजे बाबांचं गाव. मी हरखून घरी आले, त्यातली अंबाडीची भाजी केली. ती इतकी आंबट झाली की बाबा पहिल्याच घासाला उठले. मला रडूच आलं. पुस्तकात होतं तस्संच केलं होतं हो!

म्हणून पोळा झाल्यावर निघाले. ट्रॅव्हल्सनं सकाळी वाशिम, स्टँडवर चहा-आलूबोंडा, मग रिसोडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. तुम्ही जाणार असाल तर लवकर पोचा. दिवस चढला की सगळं गाव शेतात. मी चार घरांची कुलपं बघून शहाणी झाले.

पुस्तक लिहिणाऱ्या पंचशीलामावशी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी खुडताना सापडल्या. मी तक्रार मांडली. पाला चिरून ज्वारीच्या कण्यांबरोबर थेट शिजवला, असं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"पाला उकडून पाणी फेकलं नाही काय तू?"

"पुस्तकात कुठंय तसं?"

"ते कायले लिहा लागते? ते त सगळ्यायले माहीत राह्यते."

सगळ्यांना, फक्त मला नाही. आईला नक्की माहीत असणार. ती होती तोवर मी कधी विचारलंच नाही, याचं तिथं उभ्या उभ्या फार वाईट वाटलं. बाबांचं सांगितलं तशा मावशी हातातलं काम टाकून मला घरी घेऊन गेल्या. उकडलेला पाला पिळला, कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटला, वरून लसणाचं कडकडीत तेल. भाकरीबरोबर मी पोट फुटेस्तोवर जेवले. निघताना मावशींनी पिशवीभर पाला दिला आणि माझ्या पुस्तकात राहिलेली ओळ स्वतःच्या हातानं लिहिली.

घरी पोचेपर्यंत पाला मलूल झाला होता. तरी केली. बाबा जेवत राहिले. एक भाकरी संपली, अर्धी आणखी मागितली. मग किती उरली म्हणून विचारलं. वाडगाभर आहे, म्हटलं.

"सकाळसाठी ठेवजो. शिळी अजून चांगली लागते."

आई गेल्यापासून बाबा उद्याचं काही बोललेच नव्हते.