झारेकरीण मावशीची जोडवी

मावशी माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. पनवेलच्या बाजारात आम्ही सोनारकामाचे दहा-बारा कारागीर. कोण आला ते ती पायांवरून ओळखायची. ती झारेकरीण. म्हणजे दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी विकत न्यायचं आणि त्यातून सोन्या-चांदीचे कण काढायचे. संध्याकाळी आम्ही उठलो की दारात उभी. "पाय झाड रे. माझं सोनं घरी न्यायला लागलास?"

सुकापूरला घरामागे तिची चूल आणि तेजाबाची बरणी. धुराने ती सदा खोकायची. तेजाबात तांबं निळंहिरवं होऊन विरतं, चांदी गुपचूप विरते, सोनं तेवढं तळाला बसतं. तेही पिवळं नाही, मातीसारखं तपकिरी. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. पट्टी झिजत जाते आणि चांदी करडा गाळ होऊन तिच्यावर चढते. मी चौथीपर्यंत शिकलेला. ही विद्या मी तिच्याकडे बघून शिकलो. "सोनं तुझ्यासारखं," ती म्हणायची. "तेजाबातपन हलत नाय. म्हनून एकटं बसतं तळाला." मला ती स्तुती वाटायची.

एकदा माझ्या हातचं पाव तोळा सोनं कमी भरलं. शेठ म्हणाले, "मूस फुटली असेल, बघ." मूस म्हणजे सोनं वितळवायची मातीची वाटी. मी म्हणालो, "माझी मूस फुटत नाही." बघायलाही उठलो नाही. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "मग जरा पाय झाडून दाखव."

मी हत्यारं उचलली आणि घरी गेलो. चोर म्हणून नाव झालं. बाजारात कोणी काम देईना.

दहाव्या दिवशी मावशीने मला हाताला धरून दुकानात नेलं. सोनं कमी भरलं त्या दिवसाची राख तिनेच नेली होती. शेठपुढे पुडी उघडून म्हणाली, "तुमचं पाव तोळा. वितळवून बघा." शेठने वितळवलं. भरलं.

"राखेत कसं गेलं?"

"जातं शेठ. राखंला काय डोळं हायत?"

बाहेर आल्यावर तिने ओच्यातून फुटक्या मुशीची खापरी काढली, मला दाखवली आणि परत खोचली. माझी मान खाली गेली. तेव्हा पहिल्यांदा मी तिच्या पायांकडे बघितलं. नवरा घरात असलेली बाई, आणि बोटांत जोडवी नाहीत. राखेतलं सोनं शुद्ध काढायचं तर आधी त्यात तिप्पट चांदी वितळवावी लागते, तरच तेजाब आतला कचरा खातं. ती चांदी कुठली, ते कळलं.

"मावशी, जोडवी?"

"चांदी आली रे परत, पट्टीवर. गाळ होऊन." खोकत हसली. "जोडवी थोडीच येतात?"

महिन्याभरात मी नवी जोडवी घडवली. पण ती द्यायची म्हणजे मूस फुटली होती हे तोंडाने म्हणायला हवं. आज देऊ, उद्या देऊ. डबी वर्षानुवर्षं फळीवर राहिली.

गेल्या वर्षी करंजाड्याला गेलो. लेकीकडे सातव्या मजल्यावर ती खाटेवर पडून होती. माझे पाय बघून म्हणाली, "आलास?" मी दमलो होतो, आणि जिन्याने नव्हे. म्हणालो, "मावशी, मूस माझीच फुटली होती."

"ठाऊक हाय की. खापरी माझ्याकडंच हाय."

मी डबी उघडली. तिने जोडवी बोटांनी चाचपली. "काळी पडली रे. म्हातारा जाऊन तीन वर्सं झाली. आता माझ्या पायात नाय चालत." डबी मिटून माझ्याकडे सरकवली. निघालो, तर मागून आवाज आला, "पाय झाड रे." फरशी आरशासारखी. तरी झाडले.

पुढच्याच महिन्यात ती गेली. जोडवी रिठ्याने घासली तर उजळतील. मी घासत नाही. तिला सांगितलं, पण बाजारात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेठ गेले, पण ऐकणारे अजून आहेत. मूस माझी फुटली होती.